लॅपटॉपवर ‘आय-७’चा स्टिकर, तरी डेस्कटॉपचा ‘आय-५’ पुढे कसा?

बारावीचा निकाल लागला की बेळगाव-निपाणीपासून इंदूर-वडोदऱ्यापर्यंत घरोघरी एकच चर्चा असते. कॉलेजला जाणाऱ्या मुलाला लॅपटॉप घ्यायचा की डेस्कटॉप? दुकानदार विचारतो, ‘आय-५ दाखवू की आय-७?’ सात हा पाचापेक्षा मोठा, म्हणून घरचे चार पैसे जास्त मोजून आय-७चा लॅपटॉप आणतात. पुढे मुलगा व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्री-डी ड्रॉइंग करायला लागला, की मित्राचा आय-५चा डेस्कटॉप त्याच्या पुढे निघून जातो. यात दुकानदारानं फसवलेलं नसतं. खोट असते ती आकड्याच्या वाचनात.

इंटेलच्या बाराव्या पिढीतले, २०२२ साली आलेले दोन प्रोसेसर शेजारी ठेवून पाहू. पातळ लॅपटॉपमध्ये मिळणारा आय-७ १२५५यू आणि डेस्कटॉपचा आय-५ १२४००. लॅपटॉपवाल्याला १० कोअर, डेस्कटॉपवाल्याला ६. कमाल वेग लॅपटॉपचा ४.७ गिगाहर्ट्‌झ, डेस्कटॉपचा ४.४. कागदावर लॅपटॉप सरळसरळ वरचढ दिसतो. पण त्या १० कोअरपैकी मोठे, दमदार कोअर फक्त २. उरलेले ८ लहान, वीज वाचवणारे. डेस्कटॉपचे सहाही कोअर मोठेच.

खरा फरक मात्र वॅटमध्ये आहे. १२५५यूचा मूळ वीजवापर १५ वॅटचा धरलेला असतो, जोर लावला तर थोडा वेळ ५५पर्यंत. १२४००चा मूळ आकडाच ६५ आणि कमाल ११७. जेवढी वीज प्रोसेसर खातो तेवढी उष्णता बाहेर पडते, आणि ती काढायला डेस्कटॉपच्या डब्यात हवा खेळायला जागा असते, मोठा पंखा असतो. लॅपटॉपला ते सगळं दोन बोटं जाडीच्या पत्र्यात बसवावं लागतं. म्हणून तो काही सेकंद जोरात पळतो, तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो. बेळगावातून गोव्याकडे निघालेल्या दोन गाड्यांचं असंच होतं: सपाटीला दोघी बरोबरीनं धावतात, कोणाचं इंजिन किती पाण्यात आहे ते चोर्ला घाटात कळतं.

प्रोसेसर तोच, फक्त थंड ठेवण्याची सोय वेगळी, असंही उदाहरण आहे. अॅपलनं २०२० साली एकच एम-१ चिप मॅकबुक एअर या लॅपटॉपमध्ये घातली आणि मॅक मिनी या डेस्कटॉपमध्येही. एअरला पंखाच नाही, मिनीला आहे. ईमेल, ब्राउझर, टायपिंग असल्या कामात दोन्ही सारखेच चालतात. मोठा व्हिडिओ बराच वेळ तयार होत राहिला, की एअर मागं पडू लागतो.

त्यामुळे तुलना करताना चाचणी किती वेळ चालवली हे आधी विचारावं. सिनेबेंच नावाचं चाचणीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्याच्या आर-२३ आवृत्तीत चाचणी आपोआप दहा मिनिटं चालते, ती याचसाठी. एकाच फेरीचा गुण म्हणजे दम न लागलेल्या पहिलवानाचा गुण. त्यातही एका कोअरचा गुण वेगळा आणि सगळ्या कोअरचा वेगळा. एक्सेल, टॅली, ऑनलाइन फॉर्म यांना पहिला महत्त्वाचा. तिथं लॅपटॉप डेस्कटॉपच्या बरोबरीला येतो. लग्नाचे व्हिडिओ, थ्री-डी, मोठी सॉफ्टवेअर तयार करणं याला दुसरा. आणखी एक गोष्ट: बरेचसे लॅपटॉप चार्जर काढला की वेग उतरवतात, तेव्हा तुलना चार्जर लावूनच करायची.

ज्याला हॉस्टेलवर जायचंय त्याला डेस्कटॉप घेऊन फिर म्हणणं व्यवहाराला धरून नाही. त्यानं नावातलं शेवटचं अक्षर बघावं. ‘यू’ म्हणजे कमी विजेचा, ‘एच’ म्हणजे दणकट. बाराव्या पिढीतला आय-५ १२५००एच ४५ वॅटचा असून त्यात ४ मोठे आणि ८ लहान कोअर आहेत. लांबलचक कामात तो आय-७ १२५५यूला मागे टाकतो. किंमत म्हणजे वजन, पंख्याचा आवाज आणि लवकर उतरणारी बॅटरी. एएमडीच्या नावांतही गोम आहे: रायझन ५ ५५००यू आणि ५६००यू भाऊ-भाऊ वाटतात, पण पहिल्याची रचना एक पिढी जुनी आहे.

सेकंडहँड बाजारात तर जास्त जपावं. सातव्या पिढीतल्या आय-७ ७५००यू या लॅपटॉप प्रोसेसरला फक्त २ कोअर होते; त्याच पिढीतल्या डेस्कटॉपच्या आय-५ ७४००ला ४. दोघांचा कमाल वेग मात्र सारखाच, ३.५ गिगाहर्ट्‌झ. स्टिकरवर पूर्ण नाव नसतं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टम’खाली ‘अबाउट’ उघडलं की दिसतं, ते दुकानातच उघडायला लावावं.

घरात बसूनच काम असेल तर त्याच पैशात डेस्कटॉप जास्त काम देतो. पण दिवे जाणाऱ्या गावात यूपीएसचा खर्च त्यात धरायचा, मॉनिटरचा वेगळा. आणि प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर ग्राफिक्स कार्डही वेगळं घ्यावं लागतं, नाहीतर पडद्यावर चित्रच उमटत नाही.