मोडलेला स्क्रू आणि तुरटीचे पाणी

भोकरच्या बाजारात शिवणयंत्रे किंवा ऑइल इंजिने दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानापाशी थोडा वेळ उभे राहा. गंजलेला स्क्रू काढताना त्याचे डोके तुटून हाती येते आणि धड आत भोकातच राहते, असा प्रसंग तेथे केव्हा तरी घडतोच. यंत्र नवे असेल तर तो भाग बदलता येतो. पण यंत्र जुने असेल आणि त्याचे भाग आता कोठेच मिळत नसतील, तर?

मासे पकडण्याच्या काठीवरची जुनी चरखी हे असेच एक यंत्र आहे. पिसांची खोटी माशी गळाला बांधून मासे धरण्याचा छंद इंग्रज अधिकाऱ्यांनी भारतात आणला. ही माशी इतकी हलकी असते, की ती फेकता येत नाही. म्हणून जाड, वजनदार दोरी फेकतात आणि तिच्यामागून माशी जाते. दोरी गुंडाळून ठेवणे आणि मासा ओढू लागला की ती बेताने सोडणे, हे चरखीचे काम. इंग्लंडमधील हार्डी बंधूंनी १८९१च्या सुमारास काढलेली ‘परफेक्ट’ चरखी शौकीन लोक आजही जपून ठेवतात.

अशा जुन्या चरख्यांत पितळी भागांत पोलादी स्क्रू बसवलेले आढळतात. दोन भिन्न धातू एकमेकांना चिकटून पाण्यात भिजले, की छोटा विद्युतघट तयार होतो आणि लोखंड अधिक वेगाने गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे स्क्रू पाचरीसारखा घट्ट बसतो. जोर लावला, की तो मोडतो.

आता तो काढायचा कसा? पहिला उपाय उष्णतेचा. पितळ तापवले तर त्यातील भोक लहान होईल की मोठे? मोठे होते! पितळ पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते. ४ मिलिमीटरचे भोक १०० अंश सेल्सियसने तापवले, तर स्क्रूभोवती सुमारे ०.००३ मिलिमीटर जागा वाढते. एवढ्यानेही गंजाची पकड सैल होऊ शकते. भाग थंड झाल्यावर पातळ तेल सोडले, की दिव्याच्या वातीत चढते तसे ते केशाकर्षणाने फटीत शिरते.

दुसरा उपाय उलट्या फिरणाऱ्या ड्रिलचा. स्क्रूच्या बरोबर मध्यावर पंचाने खूण करून हे ड्रिल चालवतात. ते धातू कापते आणि त्याच वेळी स्क्रूला सुटण्याच्या दिशेने ढकलते. मात्र ड्रिल बाजूला सरकले, तर पितळेतले आटे कायमचे बिघडतात.

तिसरा उपाय घड्याळजींचा. तुरटीच्या गरम द्रावणात तो पितळी भाग बुडवून ठेवतात. तुरटीचे द्रावण आम्लधर्मी असते. त्यात पोलाद हळूहळू विरघळते व हायड्रोजनचे बुडबुडे निघतात. पितळेला मात्र फारशी इजा होत नाही. काही तासांनी, कधी काही दिवसांनी, भोक मोकळे होते. अर्थात इतर पोलादी भाग आधी काढून ठेवावे लागतात, नाही तर तेही विरघळतील!

भोक मोकळे झाले, तरी काम संपत नाही. जुन्या इंग्रजी उपकरणांत ‘बी. ए.’ मालिकेचे स्क्रू असतात. त्यातील शून्य क्रमांकाचा स्क्रू ६ मिलिमीटर व्यासाचा असून त्याच्या दोन आट्यांतील अंतर १ मिलिमीटर असते. आज बाजारात मिळणाऱ्या ‘एम ६’ स्क्रूचीही हीच मापे आहेत. मग तो चालेल का? नाही. जुन्या आट्याचा कोन ४७.५ अंश, तर नव्याचा ६० अंश असतो. जोराने पिळला, तर मऊ पितळेचे आटे खराब होतात. म्हणून योग्य आट्याचा स्क्रू लेथवर करून घेणेच शहाणपणाचे.

करून पाहा : काचेच्या भांड्यात तुरटीचे गरम, संपृक्त द्रावण घ्या. त्यात लोखंडी खिळा आणि पितळेचा तुकडा एकमेकांपासून दूर ठेवा. बुडबुडे कशावर दिसतात? दोन दिवसांनी दोन्ही तुकडे धुऊन, पुसून त्यांचे वजन करा व आधीच्या वजनाशी ताडून पाहा. प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली, मोकळ्या हवेत आणि विस्तवापासून दूर करावा.