कल्हई केलेली तार

डोलकाठी आडवी करून आम्ही तिच्या पोटातली वायर ओढून काढली. बाहेरून ती चांगली दिसत होती. प्लास्टिक थोडं चिकट झालेलं, पण कुठेही चिरलेलं नाही. टोकापासून वीतभर सोललं, तर आतलं तांबं काळं. आणखी वीतभर सोललं, तरी काळंच, मधे मधे हिरवी भुकटी. चौथ्या वितीला कुठे तांब्याचा मूळ रंग दिसला. खारं पाणी टोकाच्या सांध्यातून शिरतं आणि समईच्या वातीत तेल चढावं तसं तारांच्या फटींतून आत आत चढत जातं.

उरणजवळच्या खाडीत उभी असलेली ही आमची सव्वीस फुटी फायबरची शिडाची होडी. तिच्या डोलकाठीवरचा दिवा दोन वर्षं मिणमिणत होता. आम्ही दोनदा बल्ब बदलला, मग नवी बॅटरी घेतली, तरी दिवा होता तसाच. जुनी होडी दुरुस्तीला काढली की जो तो पहिल्यांदा विचारतो, ‘बॅटरी कुठली घेऊ?’ बारा-तेरा वर्षं मी या नादात आहे आणि माझं उत्तर आता पक्कं झालंय. आधी वायर बदला, बॅटरीचं मग बघू.

‘मरीन’ म्हणून जी वायर मिळते तिच्यातली करामत आपल्याला नवी नाही. लहानपणी आमच्या आळीत कल्हईवाला यायचा. भाता मारून पातेलं तापवायचा, नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर उठायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं एक फेरा, आणि पातेल्याचं पोट चांदीसारखं लखलखायचं. कथील २३२ अंशांना वितळतं, तांबं १०८५ला. म्हणून भांड्याला धक्का न लागता वर कथलाचा पातळ थर बसतो. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवलं की आजी ओरडायची, ‘कळकेल ते!’ समुद्रावर तांब्याचं हेच होतं, फक्त आंबटाच्या जागी मीठ आणि दमट हवा. मरीन वायरीत केसासारख्या प्रत्येक तारेला कल्हई केलेली असते. तिचं टोक कापलं की आत लाल नाही, पांढरं दिसतं.

मुंबईत ती शोधायला मी लोहार चाळीत कितीतरी शनिवार घालवले आहेत. तिथे ‘टिन्ड’ असा शब्द वापरावा लागतो, नाहीतर हातात घरातल्या वायरिंगची वायर पडते. विकत घेण्याआधी एक तार ब्लेडनं खरवडून पाहावी. पांढऱ्याखाली लाल दिसलं तर ते कल्हई केलेलं तांबं, पांढरंच राहिलं तर अ‍ॅल्युमिनियम. शिवाय वायर अनेक बारीक तारांची हवी. एकच जाड तार इंजिनाच्या थरथरीनं कधीतरी तुटते. दारूखान्यात मोडीत काढलेल्या जहाजांच्या केबल स्वस्तात मिळतात. मी तिथून पितळी खटके आणि क्लॅम्प आनंदानं आणले आहेत, पण केबल कधीच नाही. तिनं किती वर्षं खारं पाणी प्यायलंय हे कोण सांगणार?

आता जाडी. १२ व्होल्टच्या होडीत हा भाग घरातल्या वायरिंगपेक्षा फार नाजूक असतो. घरात २३० व्होल्टमधला अर्धा व्होल्ट वाटेत गळाला तर कुणाला कळतही नाही. होडीत १२ मधला अर्धा म्हणजे चार टक्के. आमच्या होडीत पॅनेलपासून डोलकाठीच्या टोकापर्यंत १४ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन २८ मीटर वायर. जुना दिवा २५ वॅटचा, सुमारे दोन अँपियर ओढणारा. बाजारात जिला ‘दीड एमएम’ म्हणतात, त्या दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीत वाटेतच ०.६८ व्होल्ट जातात, आणि ते वायर कोरी करकरीत असताना. तेच ‘चार एमएम’मध्ये पाव व्होल्ट. साध्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा फार वेगानं पडतो. व्होल्टेज १० टक्के घटलं तर प्रकाश जवळजवळ ३० टक्के घटतो. १२ मीटरपेक्षा लहान होडीचा मागचा दिवा दोन सागरी मैलांवरून दिसला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. मुंबई बंदरात रात्री मालवाहू जहाजांच्या वाटेवरून होडी नेणाऱ्याला त्या नियमाचं मोल वेगळं सांगायला नको.

सांध्यांबद्दल माझं मत ठाम आहे. वायर पिळून वर टेप गुंडाळणं होडीत चालत नाही. नुसत्या डागावरही भिस्त ठेवू नये. डाग संपतो तिथे वायर ताठ होते आणि थरथरीनं नेमकी तिथेच तुटते. कल्हई केलेली लग बसवून, चांगल्या पकडीनं क्रिंप करून, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवावी. ती तापवल्यावर टोकाशी गोंदाचा बारीक मणी बाहेर आला की समजावं, पाणी शिरायची वाट बंद झाली.

वायरीचं झालं, आता बॅटरी. आधी तिचा इतिहास थोडक्यात सांगतो. १८५९मध्ये गास्तों प्लांते या फ्रेंच माणसानं शिसं आणि आम्लाची पुन्हा चार्ज होणारी बॅटरी केली. लिथियम-आयर्न-फॉस्फेट हे रसायन १९९७मध्ये गुडइनफ या शास्त्रज्ञांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेतून पुढे आलं. लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी त्यांना २०१९चं नोबेल विभागून मिळालं.

आम्लाच्या बॅटरीचा विषय निघाला की मला ‘सुहैली’ आठवते. ही ३२ फुटी सागवानी होडी आपल्या मुंबईत, कुलाब्याला बांधलेली. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९मध्ये एकट्यानं, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती करणारा जगातला पहिला माणूस! त्या ३१२ दिवसांत बॅटरीचं आम्ल त्यांच्या डोळ्यात उडालं, आणि निघाल्यावर अडीचेक महिन्यांत रेडिओ बंद पडला. पुढे गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात याच ‘सुहैली’ची प्रतिकृती ‘थुरिया’ तयार झाली आणि अभिलाष टॉमी २०१८च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत तिच्यातून उतरले. त्याआधी त्याच यार्डात बांधलेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे २००९-१०मध्ये एकट्यानं जगप्रदक्षिणा करून आले होते. या होड्यांवर बोलायला बसलो तर अंक पुरणार नाही.

तर बॅटरीची निवड. इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी आणि दिवे, पंखे, रेडिओची वेगळी, हे पहिलं. दुसरं, कागदावर हिशेब. आमच्या होडीत फ्रिज नाही. दिवे, दोन पंखे, जीपीएस, रेडिओ आणि पंप मिळून दिवसाला साधारण ३० अँपियर-तास लागतात. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून १०० अँपियर-तासांची एक बॅटरी दीड दिवस आरामात पुरते. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी खोलवर उतरण्यासाठीच बनवलेली असते, म्हणून अनेकांना तिचा मोह होतो. पण ती उंच आणि फार जड असते, आणि होडी कलली की बुचातून आम्ल सांडतं. आम्लात समुद्राचं पाणी मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद केबिनमध्ये मी ती कधीच ठेवणार नाही. लिथियम-आयर्न-फॉस्फेट तिच्या निम्म्याहून हलकी आणि ८० टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते. मात्र ती इंजिनाच्या अल्टरनेटरला थेट जोडू नये. ती इतका प्रवाह ओढते की अल्टरनेटर तापून जळतो. मधे डीसी-टू-डीसी चार्जर हवाच.

दोन गोष्टींत कुणाचंही ऐकू नका. बॅटरीपासून सात इंचांच्या आत फ्यूज बसवा. फ्यूजशिवाय शॉर्ट झालेली वायर क्षणात लाल होते आणि फायबर पेट घेतं. आणि तळातलं पाणी उपसणारा पंप मुख्य खटक्याच्या आधी, स्वतःच्या फ्यूजमधून थेट बॅटरीला जोडा. खटका बंद करून आपण घरी गेलो, तरी पावसात तो चालला पाहिजे.

नवी वायर आम्ही जुनी काढतानाच तिच्या शेपटाला बांधून डोलकाठीतून ओढली होती. अडीच चौरस मिलिमीटरची, कल्हई केलेली, आणि टोकाला तीन वॅटचा एलईडी. दिवा लावून मीटर धरला तेव्हा पॅनेलवर १२.६४ व्होल्ट होते आणि डोलकाठीच्या टोकाला १२.५९.