निनावी नोंदींचे मोल

मनुष्य आजारी पडला म्हणजे डॉक्टरांकडे जातो आणि जी गोष्ट आप्तस्वकीयांनाही सांगण्यास संकोच वाटतो, ती त्यांना निःशंकपणे सांगतो. डॉक्टर ती कोणापाशी बोलणार नाहीत, असा विश्वास त्यामागे असतो.

इंग्लंडमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा १९४८ साली सुरू झाली. तेथे बहुतेक प्रत्येकाचे नाव घराजवळच्या दवाखान्यात नोंदलेले असते. बालपणीच्या लसीपासून वृद्धापकाळच्या औषधांपर्यंत त्याच्या प्रकृतीचा वृत्तान्त तेथे लिहिला जातो. एका नोंदीवरून एकाच मनुष्याची प्रकृती कळते. परंतु लक्षावधी नोंदी एकत्र पाहिल्या म्हणजे रोगाची चाल कळू लागते. १९८७ सालापासून काही दवाखान्यांतील नोंदी, नावे वगळून, संशोधनासाठी जमवल्या जाऊ लागल्या. गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील लसीमुळे मुलांना स्वमग्नता जडते, अशी भीती पुढे पसरली. २००४ साली या नोंदी तपासून संशोधकांनी दाखवून दिले, की तसा संबंध आढळत नाही.

मग अडचण कोणती? नुसते नाव खोडल्याने मनुष्य ओळखू येत नाही, असे नव्हे. लहानशा गावात शंभर वर्षांची एकच वृद्धा असेल, तर नावावाचूनही ती कोण हे कोणीही सांगेल. २०१३ साली इंग्लंडमधील सर्व दवाखान्यांतील नोंदी एके ठिकाणी आणण्याची योजना जाहीर झाली; पण त्या कोणाच्या हाती पडतील, याचा नीट खुलासा झाला नाही. लोक धास्तावले आणि २०१६ साली ती योजना बंद करावी लागली.

२०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा ऑक्सफर्डच्या संशोधकांनी निराळी युक्ती योजली. ग्रंथालयातील दुर्मीळ ग्रंथ घरी नेता येत नाही. वाचकाला तेथेच बसून तो वाचावा लागतो. त्याचप्रमाणे नोंदी जेथे साठवल्या होत्या, तेथेच राहिल्या. संशोधकांचा प्रश्न तेवढा संगणकाद्वारे त्यांच्यापर्यंत गेला आणि बाहेर आले ते केवळ एकत्रित आकडे. कोणी कोणता प्रश्न विचारला, हेही सर्वांसाठी उघड ठेवण्यात आले. अशा रीतीने १ कोटी ७० लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासल्या गेल्या. वृद्धांना, पुरुषांना व मधुमेहींना करोनाने मृत्यू येण्याचा धोका अधिक होता. भारतीय उपखंडातून तेथे गेलेल्या कुटुंबांतील लोकांनाही तो अधिक होता, हे त्यावरून समजले. त्यासाठी एकाही रोग्याचे नाव जाणून घ्यावे लागले नाही.

रोग्याने डॉक्टरांना सांगितलेली गोष्ट ही एक ठेव होय. तिचा उपयोग लोककल्याणासाठी अवश्य व्हावा. परंतु ठेव सांभाळणाऱ्याने प्रथम ठेवणाऱ्याचा विश्वास सांभाळला पाहिजे.