विद्युत् सायकल : चढणक्षमता

विद्युत् चलित्र म्हणजे मोटर व बॅटरी यांचे साहाय्य लाभलेली सायकल चढावर किती भार, किती वेगाने व किती काळ वाहून नेऊ शकते, तीस तिची चढणक्षमता म्हणतात. सारखीच शक्ती नोंदविलेल्या दोन सायकलींची चढणक्षमता पुष्कळदा निरनिराळी असते. नोंदविलेल्या शक्तीवरून ती ठरत नाही. मागील चाकावर मिळणारे परिबल, म्हणजे अक्षाभोवती फिरविण्याची क्षमता, आणि ते चलित्र न तापता किती वेळ टिकते, यांवर ती अवलंबून असते.

चढावरील विरोध : स्वारासह १०० किग्रॅ. वस्तुमानाची सायकल सपाट रस्त्यावर ताशी २५ किमी. वेगाने जात असता तिला हवा व रस्ता यांचा मिळून सु. २५ ते ३० न्यूटन विरोध होतो. १० टक्के चढावर, म्हणजे १०० मी. अंतरात १० मी. उंची गाठताना, एकट्या गुरुत्वाकर्षणाचा विरोध सु. ९८ न्यूटन होतो. घर्षण धरून तो सु. १०८ न्यूटन होतो. ताशी १० किमी. वेग राखण्यास चाकाशी सु. ३०० वॉट शक्ती व सु. ३७ न्यूटन-मीटर परिबल लागते. यांपैकी १०० वॉट स्वाराने पुरविले, तर उरलेले २०० वॉट चलित्रास द्यावे लागतात.

चलित्राचे स्थान : चलित्राचे परिबल स्थूलमानाने विद्युत् प्रवाहाच्या प्रमाणात असते, परंतु तांब्याच्या वेटोळ्यांतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. परिबल दुप्पट झाले की उष्णता चौपट होते. चाकाच्या हबमध्ये थेट बसविलेले चलित्र चाकाइतकेच फिरते. ताशी २५ किमी. वेगास मिनिटाला सु. २०० फेरे घेणारे असे चलित्र ताशी १० किमी. वेगास केवळ ८० फेरे घेते. त्यामुळे प्रवाह जास्त, उपयुक्त कार्य कमी व उष्णता अधिक, अशी स्थिती येते. हबमध्येच दंतचक्रे बसविल्यास चलित्र चाकाच्या कित्येक पट वेगाने फिरते व लहान आकारातही अधिक परिबल देते. मात्र हे गुणोत्तर कायम असल्याने अतिमंद वेगात त्यालाही मर्यादा पडते.

पायट्यांच्या अक्षाशी बसविलेल्या चलित्राची शक्ती साखळीमार्फत मागील चाकाकडे जाते व सायकलीच्या गिअरांचा तिला लाभ मिळतो. पुढील ३६ दातांच्या चक्राबरोबर मागे १२ ऐवजी ३६ दातांचे चक्र वापरल्यास चाकावरील परिबल तिप्पट होते व चलित्र आपल्या सोयीच्या वेगाने फिरत राहते. यासाठी स्वाराने वेळीच गिअर बदलणे आवश्यक असते. साखळी व दंतचक्रे यांची झीजही अधिक होते. या दोन्ही रचना जुन्या आहेत. ऑग्डेन बोल्टन यांनी १८९५ मध्ये अमेरिकेत मागील चाकाच्या हबमधील चलित्राचे, तर होझिआ लिबी यांनी १८९७ मध्ये पायट्यांच्या अक्षावरील चलित्राचे एकस्व मिळविले. जपानमध्ये यामाहा कंपनीने १९९३ मध्ये विक्रीस आणलेल्या सायकलीत चलित्र पायट्यांच्या अक्षाजवळच होते.

नियंत्रक व बॅटरी : यूरोपीय संघात पायटे मारताना साहाय्य करणाऱ्या सायकलीसाठी २५० वॉट ही सतत देता येणाऱ्या शक्तीची मर्यादा आहे. अल्पकाळ मिळणारी शक्ती याहून जास्त असू शकते. ती किती व किती वेळ द्यावयाची, हे नियंत्रकाने मुभा दिलेल्या प्रवाहावर ठरते. म्हणून छोट्या चढावर सरस ठरणारी सायकल लांब घाटात तापून मंदावू शकते. बॅटरी उतरत आली की भाराखाली तिचा विद्युत् दाबही अधिक घसरतो.

ऊर्जेचा हिशेब : १०० किग्रॅ. वस्तुमान १०० मी. उंच नेण्यास सु. २७ वॉट-तास ऊर्जा लागते. पुणे (सु. ५६० मी.) व सिंहगड (सु. १,३०० मी.) यांच्या उंचींतील फरक सु. ७४० मी. असल्याने या चढासाठी सु. २०० वॉट-तास लागतात. चढावर चलित्राची कार्यक्षमता ७५ टक्के राहिल्यास बॅटरीतून सु. २७० वॉट-तास, तर ५० टक्क्यांवर घसरल्यास सु. ४०० वॉट-तास खर्च होतात. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३६० वॉट-तासच असतात. म्हणजे पायटे न मारता, रस्त्याचा व हवेचा विरोध सोडून दिला तरी, दुसरी सायकल माथ्याआधीच थांबेल. घाटात वापरावयाची सायकल निवडताना वॉटच्या आकड्याबरोबरच चाकावरील परिबल, सर्वांत हलका गिअर व संपूर्ण भारासह दीर्घ चढावरील चाचणी यांचाही विचार करणे इष्ट ठरते.