लांब छताची गाडी का चालली नाही

शिरवणे एमआयडीसीत सायन-पनवेल महामार्गाला लागून शोरूम आणि वर्कशॉपची रांगच आहे. उंच एसयूव्ही, डिकीवाल्या सेदान, आखूड हॅचबॅक, सगळं तिथे दिसतं. सेदानइतकीच बुटकी, पण छत थेट मागच्या दारापर्यंत गेलेली स्टेशन वॅगन मात्र क्वचितच नजरेस पडते.

प्रयोग तर आपल्याकडेच झाला. टाटांनी १९९२ साली पुण्याहून ‘इस्टेट’ आणली. १९४८ सीसीचं डिझेल इंजिन, पॉवर स्टिअरिंग, पॉवर विंडो. त्या काळी देशी गाडीत ही चैनच होती. मागची सीट दुमडली की पार पाठीपर्यंत मोकळी जागा! तरी गिऱ्हाईक फिरकलं नाही. १९९४ मध्ये टाटांचीच सुमो आली. टाटांच्या मोटार कंपनीचे माजी प्रमुख सुमंत मूळगावकर यांच्या नावावरून नाव घेतलेली, दिसायला ठोकळा. ती मात्र गावोगाव पोचली.

कारण उघड आहे. इस्टेटमध्ये पाच माणसं आणि भरपूर सामान; सुमोत दहा माणसं. आपल्या घरात गाडी घेताना आधी डोकी मोजतात. लग्नाला, जत्रेला निघालं की सामान टपावरच्या कॅरिअरला बांधता येतं, आजीला नाही. शिवाय सुमो वडापला, म्हणजे शेअर प्रवासी वाहतुकीला, लागली आणि हप्ते फेडू लागली. इस्टेटला असं कमावणं जमणारं नव्हतं.

दुसरं कारण डिकीचं. सेदानची डिकी वेगळी, कुलूपबंद. वॅगनमध्ये सुकटीची पिशवी प्रवाशांच्या पाठीशीच. वास आत, सामान काचेतून सगळ्यांना दिसणार. त्यात अशी लांब पाठ लोकांनी ॲम्ब्युलन्समध्ये पाहिलेली. वर सेदानपेक्षा जास्त पैसे कोण मोजणार?

मारुतीची बलेनो अल्टुरा, ओपेलची कोर्सा स्विंग, टाटांचीच २००४ची इंडिगो मरीना, सगळ्यांची हीच गत झाली. २००६च्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं, आणि लांबी हाच महागडा गुण ठरला. टाटांनी २००८ मध्ये इंडिगोची डिकी आखूड करून इंडिगो सीएस काढली. अमेरिकेतही वॅगनची गिऱ्हाइकं १९८०च्या दशकात मिनीव्हॅनकडे वळली. जर्मनीत मात्र ती आजही घरोघरची गाडी आहे.

इस्टेट ही तिच्या काळातली सर्वांत देखणी भारतीय गाडी, असं माझं ठाम मत आहे. पण गिऱ्हाइकाला मी दोष देणार नाही. २०१२ मध्ये मारुतीने तशाच लांब छताखाली तिसरी रांग बसवली, नाव ठेवलं अर्टिगा, आणि ती गाडी आजही धडाक्यात विकली जाते.