गुलालाला लगाम

दोस्तांनो, दिवाळीत भुईनळा पेटवला की तुम्ही काय करता? धूम पळता! पण या वर्षी लांब उभं राहून त्याच्याकडे जरा नीट बघा. एकेक ठिणगी सुसाट निघते, वर जाता जाता मंदावते, वाकते, पिवळ्याची लाल होते आणि विझते. तोवर तिच्यामागून शेकडो निघालेल्या असतात. प्रत्येकीची वाट वेगळी, पण आपल्याला दिसतं ते एकच झाड.

सिनेमातली आग, धूळ, पाऊस हल्ली कॉम्प्युटरमध्ये तयार होतात, त्या बऱ्याचशा या भुईनळ्याच्याच रीतीनं.

पूर्वी असं नव्हतं. आपल्या पुण्यातल्या ‘प्रभात’नं १९३६ साली ‘संत तुकाराम’ काढला. दामले-फत्तेलालांनी तुकोबांना गरुडाच्या विमानातून वैकुंठाला नेलं, ते कॅमेऱ्याच्या करामतीवर. पण धूर ही वस्तू त्या काळी कुणाचंच ऐकत नसे. सोडला की सोडला! वाऱ्यानं दिशा बदलली की पुन्हा पहिल्यापासून. (प्रभातच्या त्याच जागेत, लॉ कॉलेज रोडवर, १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे.)

१९८२ साली ‘स्टार ट्रेक’च्या दुसऱ्या चित्रपटात एका ओसाड ग्रहावर आगीची भिंत पसरत जाते. ल्यूकासफिल्ममधल्या विल्यम रीव्ह्ज यांनी ती ज्वाळा चितारली नाहीच. त्यांनी लाखो कण सोडले आणि प्रत्येकाला जन्म, वेग, रंग आणि आयुष्य ठरवून दिलं. पुढच्याच वर्षी त्यांनी ही पद्धत एका शोधनिबंधात सविस्तर मांडली.

हिशेब अगदी सोपा आहे, बरं का! समजा, ठिणगी सेकंदाला १० मीटर वेगानं वर निघाली. सिनेमात सेकंदाला २४ चौकटी असतात. दर चौकटीला गुरुत्वाकर्षण तिच्या वेगातून साधारण ०.४ मीटर वजा करतं. उरलेल्या वेगानं ती जेवढी सरकेल, तिथे नवा ठिपका. साधारण चोविसाव्या चौकटीला वेग शून्य! तेव्हा ती असते पाचेक मीटर उंचीवर. मग परत खाली. ही वजाबाकी एका ठिणगीसाठी तुम्हीही वहीत कराल. कॉम्प्युटर ती लाखांसाठी करतो, एवढंच.

मग अवघड काय? ते मला माझ्या भाच्यानं शिकवलं. सोसायटीच्या गणपतीत दाखवायला तो आणि त्याची टोळी छोटी फिल्म करत होती. मिरवणुकीचा शॉट होता आणि त्यात गुलाल हवा होता. खरा उधळायला मोठ्यांनी साफ नकार दिला. भाचा म्हणाला, “मामा, ब्लेंडर आहे ना, त्यात करतो!” हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. शनिवारी रात्री फिल्म पडद्यावर लागणार आणि तो बसला गुरुवारी.

त्यानं पन्नास हजार कण सोडले. गुलाल छर्ऱ्यांसारखा सरळ खाली पडला आणि मूर्तीतून, जमिनीतून आरपार गेला! कॉम्प्युटरला हवा कळत नाही, जमीनही कळत नाही, सांगावी लागते. खरा गुलाल इतका हलका की वजनापेक्षा हवेचा अडथळाच त्याच्यावर जास्त चालतो. म्हणून भाच्यानं गुरुत्वाकर्षण एकदशांश केलं, हवेचा अडथळा वाढवला. मूर्तीला नि जमिनीला ‘टक्कर घे’ म्हणून सांगितलं. आता गुलाल तरंगला, पण छत्रीसारखा गोल गरगरीत. मग वेगात थोडा अनियमितपणा घातला. वारा जोडला, तर सगळा ढग चादर ओढावी तसा एकसंध सरकला. अहो, लक्ष्मी रोडवर वारा असा वाहतो का? तो इमारतींना थडकतो, माणसांतून वळसे घेतो. त्यासाठी खळबळीचं बल असतं. ते भाच्यानं हौसेनं इतकं वाढवलं की गुलालाची डासांची झुंड झाली!

मला वाटतं, खरी मेख इथेच आहे. जोर किती, यापेक्षा भोवरा केवढा, हे महत्त्वाचं. बारीक भोवरे दिले की कण नुसते थरथरतात. माणसाएवढा मोठा एक आणि त्यात थोडे लहान, असं केल्यावर लोट उठायला लागले.

शुक्रवारी रात्री टोळीतली दिग्दर्शिका म्हणाली, “ढोलाच्या प्रत्येक टोल्याला गुलाल उडाला पाहिजे.” सात टोले होते. भाच्यानं एका एमिटरच्या सात प्रती केल्या आणि प्रत्येकाला तीनच चौकटी उघडं ठेवलं. गंमत म्हणजे सातही लोट हुबेहूब सारखे! कॉम्प्युटरचा अनियमितपणा एका आकड्यावरून निघतो. त्याला ‘सीड’, म्हणजे बी म्हणतात. बी तेच, तर झाडही तेच. सातही ठिकाणी आकडे बदलले, तेव्हा कुठे जमलं. फिल्म वेळेवर लागली. एक टोला मात्र अर्ध्या सेकंदानं चुकला होता. तो अजून भाच्याला डाचतो.

तुम्हाला करून बघायचंय? ब्लेंडरमध्ये एमिटर जोडला की आपोआप हजार कण मिळतात. आधी तेवढेच ठेवा. एका वेळी एकच आकडा बदला आणि काय झालं ते वहीत लिहा. पन्नास हजारांवर एकदम उडी मारू नका. घरचा कॉम्प्युटर गोठला, तर आईबाबांना मी समजावायला येणार नाही!