विश्लेषण : प्रत्येक रक्तस्राव मूळव्याधीचा नसतो! पचनसंस्थेच्या कर्करोगाचे निदान गल्लीतल्या दवाखान्यात लवकर कसे होईल?

शौचावाटे रक्त गेले की मूळव्याध, छातीत जळजळ झाली की पित्त आणि दम लागू लागला की अशक्तपणा. गल्लीतल्या दवाखान्यात रोज होणारी ही निदाने बहुतेक वेळा बरोबरच असतात. पण याच तीन शब्दांआड काही रुग्णांचा आतड्याचा, जठराचा किंवा अन्ननलिकेचा कर्करोग महिनोन्‌महिने लपून राहतो. मोठ्या यंत्रसामग्रीशिवाय फॅमिली डॉक्टरला तो लवकर हेरता येईल का? इंग्लंडने यासाठी काय केले आणि त्यातले आपल्याकडे काय चालेल, याचा आढावा.

निदानाला उशीर नेमका कुठे होतो?

समजा, ४६ वर्षांचा एक रिक्षाचालक आहे. त्याला शौचाच्या वेळी रक्त दिसते. दोन महिने तो ते अंगावर काढतो. मग मेडिकलमधून मूळव्याधीचे मलम आणतो. थोडे बरे वाटते. पुन्हा रक्त दिसल्यावर जवळच्या दवाखान्यात जातो, खुर्चीत बसून त्रास सांगतो आणि गोळ्या घेऊन परततो. गुण येत नाही म्हणून डॉक्टर बदलतो. नवे डॉक्टर पहिल्यापासून सुरुवात करतात. मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत सहा-आठ महिने उलटलेले असतात.

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण यातली एकही पायरी अनोळखी नाही. यात कोणीही ढळढळीत चूक केलेली नाही. प्रत्येकाने त्या दिवशी सर्वांत शक्य वाटणारे निदान केले. आधीच्या भेटींची बेरीज मात्र कोणीच केली नाही.

या उशिराची किंमत मोठी आहे. इंग्लंडमधील आकडेवारीनुसार, आतड्याच्या कर्करोगाचे निदान पहिल्या टप्प्यात झाले तर दहापैकी नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. चौथ्या टप्प्यात निदान झाल्यास हे प्रमाण दहापैकी साधारण एकावर येते.

भारतात या आजाराचे प्रमाण किती?

‘ग्लोबोकॅन २०२२’च्या अंदाजानुसार जगभरात एका वर्षात मोठे आतडे व गुदाशयाच्या कर्करोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख मृत्यू झाले. भारतातील नव्या रुग्णांची संख्या ७० हजारांच्या आसपास होती. लोकसंख्येच्या तुलनेत हे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे. त्यामुळे एखाद्या जनरल प्रॅक्टिशनरला असा रुग्ण क्वचितच भेटतो आणि म्हणूनच त्याच्या मनात ही शंका सहसा येत नाही.

वयाचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील ८०० रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांचे सरासरी वय ४७ वर्षे होते आणि निम्म्याहून अधिक जणांना शौचावाटे रक्त जाण्याची तक्रार होती. ‘कर्करोग म्हातारपणी होतो’ हा समज इथे धोक्याचा ठरतो.

राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ३० वर्षांवरील नागरिकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी होते. आतड्याचा कर्करोग त्यात नाही. म्हणजे लक्षणे नसलेल्या माणसाला शोधणारी यंत्रणा आपल्याकडे नाही. निदानाची पहिली संधी लक्षण घेऊन दवाखान्यात आलेल्या रुग्णापासूनच सुरू होते.

कोणती लक्षणे गांभीर्याने घ्यावीत?

तरुण माणसाला बद्धकोष्ठतेनंतर लालभडक रक्त दिसले, तर कारण बहुधा मूळव्याध किंवा फिशर असते. पण रक्तासोबत चिकट आव पडत असेल, शौचाची सवय काही आठवड्यांपासून बदलली असेल, पोट साफ झाल्यासारखे वाटत नसेल किंवा वजन आपोआप घटत असेल, तर केवळ मूळव्याधीवर थांबता येत नाही. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला आतड्याचा कर्करोग झाला असल्यास शंकेला अधिक बळ मिळते. मूळव्याध आहे म्हणून कर्करोग नाही, असेही नसते. दोन्ही एकाच वेळी असू शकतात.

जठर आणि अन्ननलिकेबाबत घास गिळताना अडकणे, काळी डांबरासारखी शौच, वारंवार उलट्या, थोडे खाल्ले तरी पोट भरणे आणि वजन घटणे ही लक्षणे महत्त्वाची. पित्ताच्या गोळ्यांनी जळजळ दबते, पण त्यामागचे कारण जातेच असे नाही. चिठ्ठीशिवाय महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्याची एंडोस्कोपी त्यामुळेच लांबते. घास अडकत असेल तर गोळ्यांचा आणखी एक कोर्स देण्याऐवजी दुर्बिणीतून तपासणी करायला हवी.

हिमोग्लोबिन कमी असण्याचा पोटाशी काय संबंध?

मोठ्या आतड्याच्या उजव्या भागातील गाठीतून रक्त थेंबाथेंबाने जाते आणि शौचात मिसळून जाते. डोळ्यांना काहीच दिसत नाही. शरीरातील लोह मात्र हळूहळू संपते. दम लागतो, थकवा येतो आणि रुग्णाला लोहाच्या गोळ्या मिळतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिला आणि २५ टक्के पुरुषांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तक्षय इतका सर्रास असेल, तर त्यातला धोक्याचा इशारा ऐकू येणे कठीण होते. तरीही एक साधा नियम उपयोगी पडतो. पुरुष किंवा पाळी थांबलेल्या महिलेत लोहाच्या कमतरतेमुळे हिमोग्लोबिन घटले असेल, तर लोह देण्याबरोबरच ‘रक्त जाते कुठे?’ हा प्रश्न विचारायलाच हवा.

दवाखान्यातच काय करता येईल?

पहिली गोष्ट म्हणजे गुदद्वाराची बोटाने तपासणी. हातमोजा आणि जेली एवढेच साहित्य आणि दोन मिनिटांचा वेळ पुरतो. बोट साधारण सात-आठ सेंटिमीटरपर्यंत पोहोचते आणि गुदाशयाच्या खालच्या भागातील गाठ हाताला लागू शकते. तरीही ही तपासणी टाळली जाते. एका गाळ्यातला दवाखाना, मध्ये फक्त पडदा, बाहेर रांग, रुग्णाला संकोच आणि महिला रुग्णासाठी सोबत परिचारिका नाही, ही त्याची प्रत्यक्षातली कारणे आहेत. अशा वेळी तपासणी झालेली नाही, हे चिठ्ठीवर लिहून ती जिथे होईल तिथे रुग्णाला पाठवणे हा मधला मार्ग उरतो.

दुसरी गोष्ट रक्ताच्या साध्या तपासणीची, म्हणजे सीबीसीची. आणि तिसरी शौचाच्या ‘एफआयटी’ची.

‘एफआयटी’ म्हणजे काय? इंग्लंडने काय केले?

फीकल इम्युनोकेमिकल टेस्ट, म्हणजे एफआयटी, शौचातील मानवी हिमोग्लोबिन मोजते. रुग्ण घरीच छोट्या काडीने नमुना घेऊन बाटलीत बंद करतो. जुन्या ‘ऑकल्ट ब्लड’ चाचणीत मांसाहारामुळेही निकाल चुकू शकत असे. एफआयटीला पथ्य लागत नाही. मात्र जठरातून आलेले रक्त वाटेत पचून जात असल्याने ही चाचणी मोठ्या आतड्यासाठीच उपयोगी आहे.

इंग्लंडमध्ये कर्करोगाची शक्यता साधारण तीन टक्के असली तरी रुग्णाला तातडीने तज्ज्ञाकडे पाठवावे, हा निकष ‘नाइस’ या संस्थेने २०१५ मध्ये घेतला. प्रत्येकाची कोलोनोस्कोपी करणे मात्र तिथल्या यंत्रणेलाही झेपणारे नव्हते. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘नाइस’ने आतड्याची संशयास्पद लक्षणे असलेल्यांची एफआयटी करण्याची शिफारस केली. एक ग्रॅम शौचात १० मायक्रोग्रॅम किंवा अधिक हिमोग्लोबिन आढळल्यास रुग्णाला पुढे पाठवायचे. हाताला गाठ लागलेल्यांना चाचणीची वाट न पाहता थेट पाठवायचे.

ही चाचणी किती भरवशाची?

इंग्लंडमधील ५० रुग्णालयांत ९,८२२ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष एक हजार रुग्णांच्या हिशेबात मांडले, तर चित्र स्पष्ट होते. लक्षणे असलेल्या एक हजार जणांपैकी सुमारे ३३ जणांना कर्करोग असतो. १० मायक्रोग्रॅमच्या पातळीवर साधारण १९० जणांची एफआयटी सकारात्मक येते आणि त्यात ३३ पैकी ३० जण सापडतात. म्हणजे एक हजारऐवजी १९० कोलोनोस्कोपींत बहुतेक रुग्ण हाती लागतात.

पण तीन जण निसटतात. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल, आता काळजी नको’ असे सांगून विषय संपत नाही. दुसऱ्या बाजूला, सकारात्मक आलेल्या १९० पैकी १६० जणांना कर्करोग नसतो. सकारात्मक एफआयटी म्हणजे कर्करोग नव्हे. आणखी तपासणी हवी, एवढाच तिचा अर्थ.

आपल्याकडे हे जसेच्या तसे चालेल?

नाही. हा हिशेब इंग्लंडमधील रुग्णांचा आहे. शिवाय आपल्याकडे अनेक प्रयोगशाळांत अजून जुनी चाचणी किंवा फक्त ‘हो-नाही’ सांगणारी पट्टी वापरली जाते. त्यामुळे कोणती चाचणी होणार, हे विचारून घ्यावे. उष्णतेने नमुन्यातील हिमोग्लोबिन विघटित होते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात नमुना बाटलीत तासन्‌तास पडून राहिला, तर निकाल खोटा नकारात्मक येऊ शकतो. आणि सर्वांत मोठी अडचण चाचणीनंतरची आहे. तालुक्याच्या ठिकाणी कोलोनोस्कोपीची सोय नसेल, तर जिल्ह्याच्या गावी जाण्यात रोजंदारीवरच्या माणसाचे दोन दिवस जातात. कुठे जायचे, कोणत्या विभागात आणि कशासाठी, हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेले असेल तर निदान एक हेलपाटा वाचतो.

‘तीन भेटीं’चा नियम काय आहे?

इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२५ मध्ये ‘जेस नियम’ जाहीर झाला. जेस ब्रॅडी या २७ वर्षांच्या अभियंता तरुणीने अनेकदा डॉक्टरांशी संपर्क साधूनही तिच्या कर्करोगाचे निदान फार उशिरा झाले आणि डिसेंबर २०२० मध्ये तिचा मृत्यू झाला. एखादा रुग्ण त्याच किंवा वाढत्या तक्रारी घेऊन तिसऱ्यांदा आला आणि ठोस निदान झालेले नसेल, तर डॉक्टरांनी नव्याने विचार करावा, असे हा नियम सांगतो.

यासाठी पैसे लागत नाहीत, नोंद लागते. इंग्लंडमध्ये रुग्णाची फाइल डॉक्टरकडे असते. आपल्याकडे ती रुग्णाच्या पिशवीत असते, नाहीतर हरवलेली असते. म्हणून डॉक्टर बदलला तरी जुन्या चिठ्ठ्या, रिपोर्ट आणि त्रास सुरू झाल्याची तारीख सोबत न्यावी. ‘मूळव्याध आहे’ असे स्वतःच सांगण्याऐवजी ‘इतक्या दिवसांपासून रक्त जाते’ असे सांगावे. आणि उठण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, ‘किती दिवसांत फरक पडला नाही तर परत येऊ आणि मग पुढची तपासणी कोणती?’ त्याचे उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्यावे. पुढच्या डॉक्टरला बेरीज तिथूनच सुरू करता येते.